जळव्या

एकोणीसचा पूर ओसरला तेव्हा ट्रंकेत सापडली
रेशनकार्डाएवढी वही, गाळानं फुगलेली.
सुरीच्या पाठीनं मी पानं सोडवली
आणि तारेवर टाकली, पोरांच्या चड्ड्यांशेजारी.
बोटींची नावं विरघळली होती,
तारखांचा एकच निळा ओघळ.
शाबूत होती एवढी ओळ:
येसबा रामा चौगुले, मौजे सागाव, पेटा शिराळा, जिल्हा सातारा
(सांगली जिल्हा तेव्हा व्हायचा होता),
हुद्दा स्टोकर, दुसरा दर्जा.

भरतीच्या साहेबानं कराडात विचारलं म्हणे, काय येतं?
आजोबा म्हणाले, जाळ घालाय येतो.
गुऱ्हाळावर जळव्या होते ते,
काहिलीखाली चिपाडं सारायची,
वरून गुळव्या ओरडणार, "धर!"
वरून गुळव्या ओरडणार, "सोड!"
तेवढ्यावर साहेबानं लिहून घेतलं.
समुद्र तोवर त्यांनी चित्रातसुद्धा बघितला नव्हता.

लढाईआधीची तीन वर्षं:
कोळसा, राख, पितळ घासणं, पुन्हा कोळसा.
मनीऑर्डरीतून घरी म्हैस आली.
पणजीनं तिचं नाव ठेवलं बोट.
"बोट आज आटली," असं ती गल्लीत सांगायची.

बाणकोटचा अब्बास मुकादम त्यांचा जोडीदार.
फावडं कसं फेकायचं ते त्यानं दाखवलं,
ढीग नको, पातळ, जाळं टाकतात तसं.
आजोबांना जाळं माहीत नव्हतं,
ते शेणखत विस्कटल्यागत फेकायचे.
भट्टीला फरक पडला नाही.

लढाई लागली ती त्यांना घंटेवरून कळली.
पुढं हळू. पुढं निम्मं. पुढं सगळं.
वर कुणी काय बघितलं
त्याचा एवढाच हिशोब खाली उतरायचा.
वर विमानं असतील, पाण्यात सुरुंग असतील,
खाली वाफेच्या घड्याळाचा काटा,
तो तांबड्या रेघेच्या अलीकडं राखायचा.
आणि पत्र्यापल्याड कोणीतरी सारखं
हात फिरवत असल्यासारखा आवाज.

एका पहाटे पाळी संपता संपता
अब्बासनं तंबाखू मागितली.
पिशवी वर राहिली होती. आजोबा शिडी चढले.
त्यापुढचं त्यांनी कधी सांगितलं नाही,
फक्त एकदा, वैरण तोडताना, मान वर न करता:
"झाकण वरनं लावलं. लावावंच लागतं."
मी लहान होतो, मी विचारलं, आणि तंबाखू?
"भिजली."

सेहेचाळीसला परत आले आणि त्याच चुलवाणासमोर बसले.
गुळव्यानं "सोड" म्हटलं की
आधी वर बघायचे, छपराकडं,
मग चिपाडं आखडायचे.
हंगामाची पहिली ढेप घरात येत नसे.
ती पोत्यात शिवून बाणकोटला जायची, मुकादमांच्या पत्त्यावर,
आधी टपालानं, मग एस्टीच्या टपावरून.
पोच कधी आली नाही.
ढेपही कधी परत आली नाही.

शाळेतल्या गुरुजींनी एका सव्वीस जानेवारीला
त्यांना खुर्चीवर बसवलं, हार घातला,
आणि पोरांना सांगितलं, विचारा.
आज्जा, समुद्र कसा असतो?
आजोबांनी बराच वेळ लावला.
म्हणाले, "गरम."
पोरं हसली. गुरुजीही हसले.

वही वाळली आहे आता, पापडासारखी वाकडी.
शेवटच्या पानावर छापलेलं आहे: पोहण्याची परीक्षा.
पुढं रकाना कोरा.
पुरानं धुतलेला नव्हे, मी उजेडात धरून बघितलं,
तिथं शाई कधी लागलीच नाही.
वारणा दुथडी भरली की बोटीचं शेपूट धरून
पलीकडच्या काठाला जाऊन येणारा माणूस.
कुणी विचारलं नसेल.
किंवा विचारायला साहेबानं टाक उचललाही असेल,
मग हुद्दा वाचला असेल,
आणि वाटलं असेल, खालच्याला पोहून
जायचंय कुठं.